गाडीची वही

आमच्याकडे कोकणात मोठी गाडी दारात आली, की ती एका घराची राहत नाही. स्कूटर ज्याची त्याची असते. छोटी चारचाकी नवरा-बायकोची आणि मुलांची असते. पण सतरा सीटची गाडी घेतली की अख्खा मोहल्ला तिच्यावर हक्क सांगतो, आणि मोहल्लाच कशाला, पलीकडची वाडीसुद्धा. कुणाचं वऱ्हाड निघालं, कुणी हजला निघालं, कुणाला रात्री छातीत दुखायला लागलं, की पहिली हाक गाडीवाल्याच्या दारात येते. अशी एक गाडी आमच्या घरात २००६ पासून २०२४ पर्यंत होती. ती कोणत्या कंपनीची होती हे मी सांगणार नाही. त्याला महत्त्वही नाही. गंज चढायला लागला की तो कंपनी बघून चढत नाही.

गाडी टिकाऊ कशी निघेल, असं लोक गाडी घेताना विचारतात. ती टिकाऊ राहील कशी, हा प्रश्न पुढची पंधरा-अठरा वर्षं रोज विचारावा लागतो. मी शाळेत शिकवणारी बाई. इंजिनातलं मला काही कळत नव्हतं. पण वही ठेवायची कशी हे कळत होतं, आणि त्या वहीमुळेच गाडी या वस्तूबद्दल मला जे काही समजलं ते समजलं.

आमचं गाव पोफळी, चिपळूण तालुक्यातलं. चिपळुणाहून कराडकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. बाहेरच्यांना आमचं गाव माहीत असतं ते कोयनेच्या विजेमुळे. वर कोयनेचं धरण, डोंगरातून खाली आलेलं पाणी आणि डोंगराच्या पोटात बसवलेलं वीजघर. आम्हांला मात्र आमचं गाव घाटाचं गाव म्हणूनच ठाऊक. खाली चिपळूण, तिथला बाजार, कॉलेज, रेल्वे. वर पाटण आणि कराड, म्हणजे मोठी इस्पितळं. खाली जायचं तर नदीच्या काठाने, वर जायचं तर घाटाने. पावसाळ्यात नदी रस्ता अडवते किंवा दरड घाट अडवते. कधी दोन्ही एकदम.

गाडी येण्याआधीही गावात गाडी होती. माझ्या चुलत सासऱ्यांची मॅटॅडोर. तेव्हा लग्न ठरलं की तारखेच्या आधी मॅटॅडोर मोकळी आहे का ते विचारायचे. पुढे रस्त्यावरून मॅटॅडोर गेली तरी शब्द राहिला. आमच्या सासूबाई आमच्या गाडीलाही अखेरपर्यंत मॅटॅडोरच म्हणत. या गाड्यांनी आपल्या भाषेत नावं ठेवली आहेत. ‘टेम्पो’ हे खरं तर जर्मनीतल्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. त्या कारखान्याशी हात मिळवून १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि तीनचाकी टेम्पो आपल्या रस्त्यांवर आला. २००५ साली ती कंपनी फोर्स मोटर्स झाली. जर्मनीतला तो टेम्पो केव्हाच बंद पडला. आपल्याकडे मात्र आजही भाजीवाला कुठल्याही गाडीत माल भरतो आणि टेम्पो भरला म्हणतो.

याच कंपनीची ट्रॅव्हलर १९८७ साली आली. तिचा मूळ आराखडा मर्सिडीजच्या टी-१ नावाच्या गाडीचा. जर्मनीत ती गाडी १९७७ ते १९९५ एवढीच बनली. इथे तिचा वंश त्यानंतरही कितीतरी वर्षं चालला. २००७ साली टाटांची विंगर आली. एकच आराखडा वर्षानुवर्षं चालत राहतो, याला शहरातली माणसं जुनाट म्हणतात. खेड्यातल्या गाडीवाल्याला त्यातच सोय दिसते. गाडी जुनी झाली तरी तिचा पट्टा चिपळुणात मिळतो, बुश कराडला मिळतं आणि ती उघडता येणारा फिटर पाटणलाही भेटतो. सुटा भाग मिळायला आठ दिवस लागणार असतील, तर गाडी कितीही उत्तम असो, ते आठ दिवस ती घरासमोरचा पत्रा असते.

आमच्या घरातली गाडी कुवेतच्या पैशांतून आली. मुलांचे अब्बा दहा-अकरा वर्षं तिथे ड्रायव्हर होते. घरात मीही त्यांना मुलांच्या तोंडून अब्बाच म्हणते. तिथे ते टोयोटाची हायएस चालवत. ही हायएस जपानात १९६७ साली निघाली आणि आखातात कामगारांना साइटवर नेणारी गाडी म्हटली की डोळ्यांसमोर तीच येते. अब्बा तिच्या गोष्टी सांगत. मालकाने तिला कधी मायेने हात लावला नाही, पण ठरलेल्या दिवशी ऑइल बदललं नाही असंही कधी झालं नाही. उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या जवळ जाणाऱ्या उन्हात ती चालायची. “गाडीला प्रेम नको, तारीख पाहिजे,” हे त्यांचं तिथून आणलेलं वाक्य.

२००५ साली ते कायमचे परत आले. साठवलेले पैसे आणि बँकेचं कर्ज घालून पुढच्या वर्षी गाडी घेतली. कर्जाच्या कागदांसाठी माझा पगाराचा दाखला लागला, म्हणून गाडी माझ्या नावावर झाली. एमएच-०८ ची पाटी लागली, मौलानांनी दुआ केली, शेजारच्या सावंतकाकूंनी नारळ आणून दिला. त्या रात्री अब्बांनी दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे.”

मी रकाने आखले. तारीख, किलोमीटर, वर्दी कुठली, डिझेल किती, काम काय केलं, खर्च किती. पान उरलं होतं म्हणून शेवटी आणखी एक रकाना आखला : ‘गाडी कुठे थांबली’. म्हणजे वर्दीवर असताना, माणसं भरलेली असताना गाडी बंद पडून त्यांना खाली उतरावं लागलं, तर त्याची नोंद तिथे. दुरुस्तीचा खर्च मालकाचा असतो. पण हा रकाना बसणाऱ्यांचा होता.

पहिल्या दोन वर्षांत त्या रकान्यात चार नोंदी झाल्या. नव्या गाडीच्या मानाने पुष्कळ. कुठे वायरची जोडणी ढिली, कुठे नळीचा क्लिप सैल. मग २००८ ते २०१८ या अकरा वर्षांत फक्त पाच. आणि शेवटच्या पाच वर्षांत दहा. एकूण एकोणीस. माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअर झाला. तो भेटायला आला तेव्हा मी त्याला हे आकडे सहज दाखवले. त्याने आलेखाच्या कागदावर रेघ काढून दिली. डाव्या बाजूला उंच, मधे लांबच लांब सपाट, उजवीकडे पुन्हा वर चढलेली. म्हणाला, “बाई, हिला आम्ही बाथटब म्हणतो. बल्ब असो, विमान असो, पंप असो, पुष्कळशा यंत्रांची रेघ अशीच असते. आधी बनवताना राहिलेले दोष बाहेर पडतात, मग शांत काळ येतो, मग झीज बोलायला लागते.” मधला सपाट भाग किती लांबवायचा एवढंच आपल्या हातात असतं, असं तो म्हणाला.

तो भाग अकरा वर्षं लांबला त्याचं श्रेय एका वयस्कर फिटरांना. कोयना प्रकल्पावर यंत्रांची कामं करून ते निवृत्त झाले होते. गावात सगळे त्यांना काका म्हणत. ते कधी घाई करत नसत. ते म्हणत, “आपल्या वीजघरातले संच बघा भाभी. पहिल्या दोन टप्प्यांचे चार-चार. १९६२ पासून वीज देताहेत. बंद पडत नाहीत म्हणून ते चालले का? ते आपणहोऊन बंद करतात, एकेक संच थांबवून उघडतात, तपासतात, पुन्हा लावतात. जे आपण थांबवत नाही ते एक दिवस आपल्याला थांबवतं.” त्यांच्या सांगण्यावरून वर्षातून दोनदा गाडी आठ-आठ दिवस उभी राहायची. एकदा मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी. एकदा ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर. लग्नसराईतली वर्दी सोडून मेमध्ये गाडी उभी करायची म्हणजे पोटावर धोंडा ठेवल्यासारखं होतं. पण ठरलं म्हणजे ठरलं.

एकोणीस नोंदींची मी एकदा वर्गवारी केली. पाच वेळा टायर. चार वेळा बॅटरी आणि वायरिंग. तीन वेळा पट्टा किंवा पाण्याची नळी. तीन वेळा क्लच नाहीतर ब्रेक. दोन वेळा डिझेलच्या लाइनीत पाणी किंवा हवा. आणि इंजिनाच्या पोटातलं दुखणं अवघं दोन वेळा. गाडी घेताना लोक इंजिनाची चौकशी करतात. रस्त्यात माणसं उतरवतात ती रबराच्या नळ्या आणि पट्टे. काहीशे रुपयांचा पट्टा तुटतो, पंप फिरायचा थांबतो, काटा लालवर जातो आणि सतरा माणसं कामथे घाटात रस्त्याच्या कडेला. म्हणून काकांनी पट्टे आणि नळ्या तुटायची वाट बघणं बंद करायला लावलं. चांगल्या दिसल्या तरी ठरलेल्या किलोमीटरला बदलायच्या. काढलेला जुना पट्टा सीटखाली ठेवायचा, वेळप्रसंगी तोच कामाला येतो.

आमच्या गाडीचे खरे शत्रू दोन : घाट आणि पाऊस. कुंभार्ली चढताना क्लच झिजतो आणि उतरताना ब्रेक. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा घाटाचा जुना कायदा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे लायनर तापतात, मग ब्रेक दाबला तरी गाडी धरत नाही. त्यात आणखी एक गोष्ट मला काकांकडून कळली. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. आमच्याकडे चार महिने हवा म्हणजे पाणीच. ओल शिरलेलं ऑइल लवकर उकळतं, त्याची वाफ होते आणि पाय फरशीला टेकतो. ऑइलची पातळी बरोबर आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण आतलं ऑइल जुनं असतं. आमच्या वहीत दर दुसऱ्या मेमध्ये ‘ब्रेक ऑइल नवं’ अशी ओळ आहे. एकही ओळ चुकलेली नाही.

पावसाचं काम हळू चालतं. काचेखालच्या खाचेत पानं साचतात, पाणी निघून जायची भोकं बुजतात, पाणी पत्र्याच्या आत उतरतं. चाकांनी उडवलेला चिखल चासीच्या पोकळीत जाऊन बसतो आणि सुकल्यासारखा दिसला तरी आतून ओला राहतो. आमच्याकडे पावसाआधी खालून काळं ऑइल फासायची रीत आहे. दिसायला घाण, पण पत्रा वाचतो. पावसात वर्दी नसली की बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी खातात. म्हणून तिसऱ्या दिवशी गाडी चालू करून मोहल्ल्यातून एक फेरी मारायची. पोरं त्या फेरीची वाट बघत.

आता या गाडीने काय केलं ते सांगते. हजयात्रींना मुंबईच्या विमानतळावर नेलं. यात्री दोन आणि पोचवायला पंधरा, हा ठरलेला हिशोब. परतताना झमझमचे कॅन आणि खजुरांचे डबे. आखातातून सुटीवर येणारी मुलं आणली. वाडीतल्या चाकरमान्यांना गणपतीला आणलं आणि पाचव्या दिवशी परत नेलं. निकाहाची वऱ्हाडं नेली आणि मय्यतीला जाणारी माणसंही नेली. २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू होईपर्यंत रात्रीचे आजारीही हिच्यातूनच जायचे. एक बाळंतीण कराडला नेताना घाटात धुकं इतकं होतं, की तिचा दीर हातात बॅटरी घेऊन पुढे चालत होता आणि गाडी त्याच्या मागून. आज ते मूल माझ्याच शाळेतून शिकून बाहेर पडलं आहे.

अशा रात्री वर्दीचे पैसे कुणी ठरवत नाही. कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. वहीत खर्चाच्या रकान्यात डिझेल लिहायचं आणि जमेच्या रकान्यात आडवी रेघ ओढायची. आडव्या रेघा मोजून मी कधी बेरीज केली नाही. पण एवढं सांगते, की अशा रात्रींसाठी टाकीत डिझेल आणि स्टेपनीत हवा ठेवायची, हा आमच्या घराचा नियम होता. दिवसाच्या वर्दीला गाडी बंद पडली तर माणसं चिडतात, दुसरी गाडी बघतात. रात्रीच्या वर्दीला दुसरी गाडी नसते.

२०२० च्या टाळेबंदीत गाडी महिनोन्महिने उभी राहिली. कर्ज फिटलेलं होतं म्हणून आम्ही तरलो. ज्यांचे हप्ते चालू होते त्यांचे हाल मी पाहिले. उभी गाडी खराब होत नाही, असा लोकांचा समज आहे. उभ्या गाडीचे टायर एका जागी बसतात, ब्रेक धरून बसतात, सील सुकतात. टाळेबंदीनंतरच्या वर्षात माझ्या शेवटच्या रकान्यात तीन नोंदी आहेत.

मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. पेठमाप, गोवळकोट, बाजारपेठ, सगळीकडे आमचे सोयरे. एसटीचं आगार पाण्यात गेलं आणि आगारप्रमुख दिवसाची रोकड सांभाळत बुडालेल्या एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. ती बातमी वाचताना आमच्या घरात कुणी बोललं नाही. अमानत म्हणजे काय ते त्या टपावर बसलं होतं. पाणी ओसरल्यावर आमची गाडी रोज खाली जात होती. पाण्याचे कॅन, भाकऱ्या, चटया, औषधं घेऊन जायची आणि म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना घेऊन वर यायची. ज्यांच्या गाड्या बुडाल्या होत्या ते चावी घेऊन उभे होते. काका एकेकाला विनवत होते, “चालू करून बघू नका.” इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही; सेल्फ मारला की आतले रॉड वाकतात आणि धुऊन-पुसून वाचली असती ती गाडी कायमची जाते. काहींनी ऐकलं. त्यांच्या गाड्या आजही चालतात.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. १९४८ पासून जी एसटी आपल्याला गृहीत धरायची सवय होती, ती महिनोन्महिने दिसेना. सरकारने खासगी गाड्यांना प्रवासी न्यायची तात्पुरती मुभा दिली. आमची गाडी सकाळी कॉलेजची मुलं घेऊन चिपळूणला जायची. मुलगा चालवायचा, अब्बांचे गुडघे क्लच दाबून दाबून गेले होते. गाडीला पंधरा वर्षं झाली होती आणि तिच्यावर एवढा भार पूर्वी कधी पडला नव्हता. लोक म्हणत, “हिला काही होत नाही.” मी वहीत बघत होते आणि मला रेघ वर चढताना दिसत होती.

पंधरा वर्षांनंतरच्या गाड्यांचं फिटनेसचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून एकदम वाढलं. तरी आम्ही पासिंग करून घेतलं, दोनदा. तिसऱ्या वेळी, २०२३ च्या ऑक्टोबरात, काका गाडीखाली शिरले. खूप वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, “भाभी, जरा वाका.” त्यांनी टॉर्च मारली आणि चासीवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून हाताच्या तळव्याने ठोकला. तो आत गेला. वरून रंग नीट होता, काळं ऑइल नीट होतं. आत पापुद्रे. अठराव्या वर्षाला लागलेल्या गाडीचं इंजिन अजून घड्याळासारखं होतं आणि ज्या हाडांवर ते उभं होतं ती भुसभुशीत झाली होती. पत्र्याचे तुकडे जोडून वेल्डिंग करता आलं असतं. करून देणारे आहेत. काका म्हणाले, “पासिंग होईल. पण घाटात मी माझ्या नातवाला हिच्यात बसवणार नाही.”

त्याच महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. घाटावरचं. गाडी चालवून बघितली, इंजिनाचा आवाज ऐकला आणि एक लाख साठ हजार बोलून गेलं. भंगारात पंचावन्नच्या वर मिळणार नव्हते. आमच्या मुलीचा फार्मसीला प्रवेश झाला होता आणि फीचा दुसरा हप्ता डोक्यावर होता. गिऱ्हाइकाला गाडी शाळेच्या मुलांसाठी हवी होती.

त्या रात्री जेवण झाल्यावर चौघंही बसलो. माल विकताना त्याचा दोष सांगून विकावा, ही शिकवण आमच्यापैकी प्रत्येकाने लहानपणी मदरशात ऐकलेली. त्यामुळे लपवून विकायचा विचार कुणाच्या तोंडून आला नाही. पण मुलाने नेमका मुद्दा काढला. म्हणाला, “अम्मी, आपण त्याला सगळं सांगू. चासी दाखवू. तरी घ्यायची असेल तर तो घेईल. आपली जबाबदारी तिथे संपते.” यात खोट काय आहे, ते मला लगेच सापडेना. हिशोब बरोबर होता. अब्बा गप्प होते. त्यांना गाडी विकायचीच नव्हती, ना भंगारात ना गिऱ्हाइकाला. वेल्डिंग करून अजून दोन वर्षं काढू, असं त्यांचं मन म्हणत होतं. अठरा वर्षं ज्या स्टिअरिंगवर हात ठेवला ते सोडवत नव्हतं.

मी वही आणली आणि शेवटचा रकाना मोठ्याने वाचला. एकोणीसच्या एकोणीस नोंदी, तारीख आणि जागेसह. २०१९ नंतरच्या दहा वाचताना आवाज आपोआप हळू झाला. मग मुलाला म्हटलं, “हा रकाना आपला नव्हता, बसणाऱ्यांचा होता. दोष आपण सांगणार घेणाऱ्याला. पण गाडीत बसणार ती सात-आठ वर्षांची मुलं. त्यांना कोण सांगणार? आणि त्यांनी नको म्हटलं तर ऐकणार कोण?” मुलगी म्हणाली, “माझ्या फीसाठी कुणाची मुलं त्यात बसवू नका.” अब्बांनी वही माझ्या हातातून घेतली, बराच वेळ चाळली. कुवेतहून आणलेलं वाक्य ते पुन्हा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “तारीख आली म्हणायची.”

२०२१ च्या नियमांनी आता नोंदणीकृत भंगार केंद्रं निघाली आहेत. गाडी तिथे दिली की प्रमाणपत्र मिळतं, आरटीओच्या दप्तरातून नोंदणी रद्द होते आणि तीच चासी, तोच नंबर घेऊन गाडी दुसऱ्या कुठल्या घाटात पुन्हा उभी राहत नाही. नव्या गाडीच्या करात थोडी सवलतही मिळते. आम्ही २०२४ च्या जानेवारीत गाडी तशा केंद्रात दिली. किलोमीटरचा काटा चार लाख बासष्ट हजारांवर होता. एक लाख पाच हजारांचा फरक सोसला. फीचा हप्ता शैक्षणिक कर्ज काढून भरला; ते कर्ज अजून फिटायचं आहे.

गिऱ्हाइकाने दुसरीकडून जुनी गाडी घेतली असेल. तिची चासी कुणी तपासली असेल की नाही, हे मला माहीत नाही. आमच्या एका गाडीने जगातली सगळी मुलं सुरक्षित झाली, असा माझा समज नाही.

आता आमच्या दारात सात सीटची गाडी आहे, मुलाची. मोहल्ल्यात घरटी एक गाडी झाली आहे. वऱ्हाड निघतं ते पाच-सहा गाड्यांतून, आणि कोण कुठल्या गाडीत बसणार यावरून रुसवे होतात. पूर्वी मागच्या सीटवर फुफी, मामी, वाडीतली शेवंताकाकू मांडीला मांडी लावून बसायच्या आणि चिपळूण येईपर्यंत दोन सोयरिकी जुळवायच्या. ते गेलं. त्याचा दोष गाडीला देता येत नाही.

मुलगा नोंदी मोबाइलमध्ये ठेवतो. सर्व्हिसची तारीख आली की तो वाजतो. मागच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मोबाइल वाजला. मुलाने पाचशे किलोमीटर पुढे ढकलू म्हटलं. अब्बा ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांनी नुसतं वर बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजात होती.